जगदाळे अण्णांचे पट्टे

वत्सलावहिनींचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर ताकात मुरवलेल्या मिरच्या वाळत घालत होते. म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या आमच्या गच्चीवर दहालाच ऊन तापतं. वहिनी नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाल्या, "शैला, हे गेले गं. कॉफी घेतली, पेपर मागितला. मी पेपर घेऊन येते तोवर..." त्यांच्यामागे शेजारच्या बायकांचे आवाज येत होते. "सकाळपासून सगळ्यांना कन्नडातच सांगतेय," त्या म्हणाल्या. "तोवर ठीक होते. मराठीत पहिल्यांदा तुलाच सांगतेय बघ." आणि तेव्हा त्यांचा आवाज फुटला. मी ताट हातात तसंच धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. अण्णांबद्दल लिहायचं म्हणजे मला माझ्याबद्दलही काही लिहावं लागणार, हे त्या उन्हात उभी असतानाच कळलं होतं.

गणपतराव जगदाळे हे त्यांचं पूर्ण नाव. आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोडी गेली, तलवारी गेल्या, घरात मराठी तेवढी राहिली, आणि तीही अशी की वाक्यात एखादा कन्नड शब्द नसला तर अण्णांना ते अळणी वाटायचं. मंडी मोहल्ल्यात घर, एका कारखान्यात फिटरची नोकरी, आणि तीस-पस्तीस वर्षं आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार. मी त्याच ऑर्केस्ट्रात गायचे. एरवी शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गणपतीच्या मांडवांत, लग्नांत, गावोगावच्या जत्रांत कन्नड सिनेमातली गाणी म्हणायचे. ऐकणाऱ्यांना गाणारीण दिसते, ढोलकीवाला दिसतो. चार जाड तारांचं ते वाद्य वाजवणारा माणूस मागे, अर्ध्या अंधारात उभा असतो. पण स्टेजच्या फळ्यांतून माझ्या तळपायांना जो खर्ज लागायचा तो अण्णांचा असायचा. तो लागला की मला सूर शोधावा लागत नसे. त्यांनी मला कधी "छान गायलीस" म्हटलं नाही. गाणं बरं झालं तर परतीच्या गाडीत खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून माझ्या हातावर ठेवायचे, एवढंच.

बेस गिटारचा आवाज मोठा करणारं जे यंत्र असतं त्याचे दोन भाग असतात. खाली स्पीकरची लाकडी पेटी आणि तिच्या डोक्यावर, पेटीला आवाज पुरवणारं यंत्र. त्याला हेड म्हणतात. अण्णांचं जुनं हेड लोखंडी ट्रंकेसारखं होतं. दोघांनी उचलायचं, आणि एकदा पेटीवर ठेवलं की भूकंप झाला तरी हलायचं नाही. पण साठीच्या आसपास अण्णांच्या कमरेची चकती सरकली आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ मनाई केली. अण्णा ऑर्केस्ट्रा सोडायच्या गोष्टी करू लागले. तेव्हा बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, सुमाने, नवीन हेड आणून दिलं. दोन जाड वह्या एकावर एक ठेवाव्यात एवढंसं. वजन दोन किलोसुद्धा नाही आणि आवाज जुन्याहून मोठा. अण्णांनी ते तळहातावर तोललं आणि म्हणाले, "हे अँप आहे की टिफिन?" पण त्या टिफिनने त्यांना आणखी काही वर्षं स्टेज दिलं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्याची खोड पहिल्याच कार्यक्रमात कळली. खर्जाचा सूर लागला की पेटी थरथरते, आणि तिच्यावरचं ते हलकं हेड प्रत्येक सुराबरोबर गव्हाच्या दाण्याइतकं सरकतं. गाणं संपेपर्यंत बोटभर. त्यात स्पीकरची जाड वायर मागून आणि गिटारची पुढून त्याला ओढत असते. जुन्याचं वजनच त्याला धरून ठेवायचं, याला धरणारं काहीच नव्हतं. अण्णांनी स्वयंपाकघरातल्या फडताळात घालतात तशी जाळीची रबरी चटई आणली, हिरव्या रंगाची, आणि तिचा तुकडा कापून हेडखाली घालायला सुरुवात केली. सरकणं थांबलं. कार्यक्रमाआधी तो तुकडा दोनदा झटकून, सुरकुती पडणार नाही असा पसरायचा, हा त्यांचा नेम झाला.

टी. नरसीपूरला नदीकाठच्या एका देवळाच्या जत्रेत आमचा कार्यक्रम होता. दुपारी चारचा. ऊन कलत होतं, स्टेज छोटं, आणि समोर अगदी फळ्यांना टेकून लहान मुलं बसलेली. त्या दिवशी माझा भाचा कार्यक्रमाचं चित्रण करणार होता. मी त्या वर्षी शाळेतून निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या वेळी ते दाखवायचं असं घरात ठरलं होतं. चित्रणात अण्णाही दिसावेत म्हणून माझ्या आग्रहावरून पेटी स्टेजच्या पुढच्या कडेला आणली गेली. अण्णा वायरी जोडून हात-तोंड धुवायला नळावर गेले. मी स्टेजवर एकटीच होते. पेटी काळी, हेड काळं, आणि मधून ती हिरवी, कडा उसवलेली जाळी बाहेर आलेली. चित्रणात किती वाईट दिसेल, एवढंच मनात आलं. मी हेड एका हाताने उचललं... एका हाताने उचलता येत होतं ते... आणि दुसऱ्या हाताने जाळी ओढून काढली, घडी केली आणि अण्णांच्या पिशवीत ठेवली. अण्णा आले की सांगू असं मनाशी म्हटलं होतं. तेवढ्यात निवेदकाने माझं नाव पुकारलं आणि मी माइककडे गेले. अण्णा घाईने येऊन गिटार गळ्यात अडकवेपर्यंत पहिलं गाणं सुरू झालं होतं.

तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात ते पडलं. मला धप्प असा आवाजही आला नाही, फक्त पायाखालचा खर्ज एकदम गेला. मग एक किंकाळी. पुढच्या रांगेतल्या आठ वर्षांच्या एका मुलीच्या भुवईवर हेडचा कोपरा लागला होता. अण्णा गळ्यात गिटार तशीच असताना, दुखऱ्या कमरेनिशी, स्टेजवरून खाली उतरले आणि त्यांनी तिला उचललं. त्यांचा पांढरा शर्ट खांद्यापर्यंत लाल झाला. मुलीचं नाव चैत्रा. तिचे वडील शिवण्णा, देवळाबाहेर नारळ-फुलांचं दुकान चालवणारे, धावत आले. त्यांनी अण्णांना जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि अण्णांनी मान खाली घालून ऐकलं. दवाखान्यात पाच टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. बाहेरच्या बाकावर अण्णांनी पैशांसाठी की रुमालासाठी पिशवीत हात घातला आणि त्यांच्या हातात ती घडी आली. नीट, चौकोनी घडी. त्यांनी ती उलटून पाहिली. मग मला म्हणाले, "घालायचीच विसरलो गं मी. पसरली असं मला आठवतंय बघ. पण ही इथं आहे." मी त्यांच्या शेजारी बसले होते. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही.

का बोलले नाही, याची कारणं मी जमवत गेले. आधी ती मुलगी, तिची रडणारी आई... मग वाटलं उद्या सांगू. उद्या गेला आणि परवा सांगणं उद्यापेक्षा अवघड झालं. जिने तीस वर्षं मुलांना उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या खऱ्या लिहा असं शिकवलं, तिने स्वतःची पायरी खोडून ठेवली होती. अण्णांनी ऑर्केस्ट्रा सोडला. मी त्यांना फोन करायचे आणि "होतं असं, मनाला लावून घेऊ नका" असं सांगायचे. त्या फोनची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तीन महिन्यांनी वत्सलावहिनी मला बाजारात भेटल्या. केळीची पानं घेत होत्या. अण्णा कसे आहेत विचारलं तर त्या मला एका बाजूला घेऊन गेल्या. अण्णा खिशात कागद ठेवू लागले होते. गॅस बंद केला, दार लावलं, गोळी घेतली, सगळं लिहायचे आणि लिहिल्यावर पुन्हा उठून बघायचे. त्यांच्या आईला म्हातारपणी विसर पडण्याचा आजार झाला होता. शेवटची सहा वर्षं तिने स्वतःच्या मुलाला ओळखलं नव्हतं. तेच आपल्याला सुरू झालं, नरसीपूरला त्याची पहिली खूण मिळाली, असं अण्णांनी मनाशी धरलं होतं. सुमाकडून बेंगळुरूच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली होती. "मला म्हणतात," वहिनी म्हणाल्या, "तुझं नाव विसरलो तर रागावू नको." मी वहिनींच्या हातातली केळीची पानं घेतली आणि त्यांच्याबरोबरच मंडी मोहल्ल्यात गेले.

अण्णा मागच्या पडवीत लाकडी फळीवर काम करत होते. समोर तीच पेटी, तेच हेड, आणि पसरलेले नायलॉनचे पट्टे, बकलं, लाकडाच्या बारीक पट्ट्या. पुन्हा वाजवणार नव्हते, पण हे यंत्र पुढे कोणाच्या तरी हातात जाईल आणि ते पडता कामा नये, म्हणून चाललं होतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. जाळी मी काढली, दिसायला वाईट दिसत होती म्हणून काढली, घडी माझी होती. अण्णांनी हातातला पट्टा खाली ठेवला.

"म्हणजे मी पसरली होती," ते म्हणाले. "हौदा?"

खरंच का, असं ते विचारत होते. मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा आधी एकदम सैल झाला. एखाद्या आजाऱ्याचा ताप उतरावा तसा. त्यांनी आत हाक मारून वहिनींना सांगितलं, "वत्सले, मी विसरलो नव्हतो." मग ते पुन्हा माझ्याकडे वळले आणि तो सैलपणा गेला. "तीन महिने मी माझ्या आईसारखा होतोय असं समजून बसलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही फोन करत होता, मॅडम."

पंचवीस वर्षं ते मला शैला म्हणत आले होते, तू म्हणत आले होते. मला वाटतं ते ओरडले असते तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी पट्टा उचलला, बकलात ओवला आणि खाली बघतच म्हणाले, "आय्तु. मग तर हे पाहिजेच. एका हाताने निघतं ते बांधलेलं नव्हेच." आय्तु म्हणजे झालं, ठीक आहे. पण तेव्हा त्याचा अर्थ, मी आता जावं, असा होता. मी निघाले.

नंतरचे तीन आठवडे त्यांचा फोन नव्हता, आणि मीही करायचं धाडस केलं नाही. मग एका शनिवारी फोन आला. उद्या नरसीपूरला जायचं आहे, तुम्हीही या, एवढंच बोलले. एका ओळखीच्या माणसाच्या व्हॅनमध्ये पेटी मागे ठेवलेली होती. वाटेत अण्णा पुढे बसले होते, मी मागे पेटीशेजारी. खड्डा आला की मी घाबरून हेडला हात लावायला जायचे, आणि ते जागचं हललेलं नसायचं. त्यांनी ते कसं बांधलंय ते मी तेव्हा नीट पाहिलं. पेटीच्या डोक्यावर लाकडाच्या चार पट्ट्या चिकटवून हेडच्या मापाची चौकट केली होती. स्क्रू मारले नव्हते. पेटीला आरपार भोक पडलं तर हवा निसटते आणि खर्ज फाटतो, असं ते नेहमी सांगायचे. चौकटीच्या आत जाड रबर पक्कं बसवलेलं, आता न काढता येणारं. वरून दोन रुंद पट्टे, पेटीच्या दोन्ही बाजूंच्या मुठींतून ओवून घट्ट ओढलेले, आणि ते असे की हेडचा पंखा आणि त्याच्या हवेच्या फटी मोकळ्या राहाव्यात. मागे एका आकड्याला वायरी बांधलेल्या, म्हणजे कोणाचा पाय अडकला तर ओढ पेटीला लागेल, हेडला नाही. पट्ट्यांची शिवण त्यांनी मोहल्ल्यातल्या बॅगा शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडून दुहेरी घालून घेतली होती.

शिवण्णांच्या अंगणात आम्ही पेटी उतरवली. मी आधी माझं सांगून टाकलं, कन्नडात, शिवण्णा आणि त्यांची बायको दोघांसमोर. चूक यांची नव्हती, माझी होती. शिवण्णा म्हणाले, "त्या दिवशी मी यांना बोललो ते कोणी परत घ्यायचं?" अण्णा म्हणाले, ते राहू दे, पेटी माझीच होती. चैत्रा दाराआड उभी होती. भुवईवर गुलाबी रेघ, तिथले केस अजून उगवले नव्हते. अण्णांनी तिला बोलावलं नाही. त्यांनी पेटी आधी एका कुशीवर आडवी केली, मग शिवण्णांच्या मदतीने हळूहळू पूर्ण उलटी, हेड खालच्या बाजूला येईल अशी धरली. मग पुन्हा सरळ केली. तेव्हा कुठे ते तिला म्हणाले, "आता तू पाड बघू."

ती आली. आधी एका बोटाने ढकललं. मग दोन्ही हातांनी. मग पाय जमिनीत रोवून, दात चावून, सगळ्या अंगाने. पेटी सरकली, हेड सरकलं नाही. ती दमली आणि एकदम हसली, आणि तिच्या आईने पदर तोंडाला लावला. अण्णा खाली बसले, तिच्या भुवईकडे बघत. हात लावू का, असं त्यांनी विचारलं. तिने मान डोलावली. त्यांनी अंगठा त्या रेघेवरून फिरवला आणि लगेच हात मागे घेतला.

परत येताना नरसीपूरच्या वेशीवर अण्णांनी व्हॅन थांबवली. रसवंतीवाला घुंगरं वाजवत ऊस पिळत होता. अण्णा मागचं दार उघडून म्हणाले, "शैला, आलं घातलेला पितेस ना तू?" मी हो म्हटलं. त्यांनी दोन ग्लास आणले. त्या विषयावर आम्ही पुढे कधीच बोललो नाही.

त्यानंतर अण्णा ऑर्केस्ट्रात परत आले आणि चार वर्षं वाजवत राहिले. म्हैसूरच्या कॉलेजांतली मुलं-मुली आपापली हलकी हेडं घेऊन त्यांच्या पडवीत यायची. अण्णा माप घ्यायचे, पट्टे बांधून द्यायचे आणि प्रत्येकाला पेटी उलटी करून दाखवायला लावायचे. शेवटच्या वर्षात हृदय थकलं होतं. खुर्चीत बसून वाजवायचे. मी शेवटची भेटले तेव्हा अण्णा उशांना टेकून बसले होते, पायांवर सूज होती. मी एक नवीन गाणं गुणगुणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "अर्धा सूर खाली घे. आता तुला तिथं सोपं जाईल." मी खाली घेतला. त्यांची उजव्या हाताची दोन बोटं चादरीवर चालत होती. मला तिथे बसून खर्ज ऐकू येत होता, असं म्हटलं तर कोणी हसू नये.

मागच्या आठवड्यात मी वहिनींकडे गेले. इतक्या वर्षांत मी त्या घरात नेहमी पुढच्या खोलीत किंवा पडवीत बसत आले. या वेळी वहिनी म्हणाल्या, आतच ये, कॉफी करते. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मी दाराशीच थांबले. फ्रिजवरचा डबा पट्ट्याने बांधलेला. फडताळातल्या काचेच्या बरण्यांपुढून एक आडवा पट्टा. गॅसचं सिलिंडर भिंतीतल्या कडीला. देव्हाऱ्यातल्या समईला बारीक दोरी. ओट्यावरचा मिक्सर लाकडी चौकटीत, वरून बकल. सगळीकडे तीच दुहेरी शिवण. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ते तीन महिने होते ना, तेव्हा केलं सगळं. आपण विसरलो आणि कोणावर काही पडलं तर, म्हणून." मी विचारलं, मी येऊन सांगितल्यावर सोडलं नाही? "नाही," त्या म्हणाल्या. "मीही म्हटलं होतं, आता कशाला. म्हणाले, सुम्ने असू दे."

सुम्ने म्हणजे उगीच, काही कारण नसताना. मी ओट्याला टेकून उभी राहिले. वहिनींना चटणी वाटायची होती. त्यांनी मिक्सरचं बकल सोडलं, चौकटीतून तो बाहेर ओढला, चटणी वाटली, भांडं धुतलं, ओल्या फडक्याने मिक्सर पुसला आणि पुन्हा चौकटीत बसवला. मग पट्टा ओवू लागल्या. रोज असं करायचं म्हणजे कंटाळा येत नाही का, असं मी विचारलं. काही तरी विचारायला हवं होतं म्हणून.

"येतो की," वहिनी म्हणाल्या. "एक दिवस सोडून ठेवला होता. दिवसभर कामात लक्ष लागेना. जिथं जाईन तिथून वळून इकडंच बघत होते." त्यांनी पट्टा ओढला, बकल टक् करून बसवलं, आणि माझ्यासाठी कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं.